संरचित अध्यापन

संरचित अध्यापन ही स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांना शिकवण्याची एक पद्धती आहे. ती अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील 'टीच' या कार्यक्रमातून विकसित झाली. मुलाला वर्गाच्या साच्यात बसवण्याऐवजी वर्गातील जागा, वेळ आणि काम यांची मांडणी मुलाच्या आकलनाला अनुरूप करावी, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

पार्श्वभूमी

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेचे वेगळे वर्णन प्रथमच ठळकपणे पुढे आले. त्यानंतर दीर्घकाळ, आईच्या भावनिक कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असा समज रूढ होता. शिकागो विद्यापीठातील ब्रुनो बेटेलहाइम यांनी 'द एम्प्टी फोर्ट्रेस' (१९६७) या ग्रंथात याच मताचा पुरस्कार केला. त्यामुळे मुलाच्या संगोपनाचा भार वाहणाऱ्या मातांवरच दोषारोप होत असे. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली या मताचे खंडन करून जैविक कारणांकडे लक्ष वेधले होते. पुढील संशोधनाने पालकांवरील आरोप निराधार ठरवला.

उगम

शिकागो विद्यापीठातच शिकलेले एरिक शॉपलर (१९२७–२००६) यांनी रॉबर्ट राइश्लर यांच्यासह १९६०च्या दशकात चॅपेल हिल येथे प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यात पालकांना रोगाचे कारण न मानता सहउपचारक मानले गेले. मुलाला कसे शिकवावे, हे पालकांनी प्रत्यक्ष पाहून घ्यावे व घरी त्याचा सराव करावा, अशी योजना होती. पालकांच्या पाठपुराव्यामुळे १९७२ साली राज्याच्या विधिमंडळाने या कार्यक्रमाला राज्यव्यापी स्वरूप दिले.

स्वरूप

अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेल्या सूचनेपेक्षा डोळ्यांना दिसणारी सूचना अधिक सहज समजते. उच्चारलेला शब्द क्षणात विरतो. चित्र मात्र समोर राहते. या निरीक्षणावर पद्धतीचे पुढील घटक आधारलेले आहेत.

* जागेची मांडणी: अभ्यास, खेळ, खाणे व विश्रांती यांसाठी निश्चित कोपरे असतात. लक्ष विचलित करणाऱ्या वस्तू कमी केल्या जातात.
* दृश्य वेळापत्रक: दिवसाचा क्रम चित्रांनी किंवा शब्दांनी दाखवला जातो. चित्र न उमगणाऱ्या मुलासाठी प्रत्यक्ष वस्तू वापरतात. उदाहरणार्थ, चमचा म्हणजे जेवण आणि चेंडू म्हणजे मैदान. नेहमीच्या क्रमात होणारा बदलही आधीच दाखवला जातो.
* कार्यप्रणाली: कोणते काम करायचे, किती करायचे, ते संपले हे कसे कळेल आणि त्यानंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे कामाच्या मांडणीतूनच मिळतात. बहुधा डावीकडे करावयाचे काम आणि उजवीकडे पूर्ण झालेल्या कामाची टोपली असते.
* कामाची दृश्य स्पष्टता: रंग, खुणा व कप्पे यांच्या साह्याने कृती सुबोध केली जाते.

पुढे काय घडणार हे ठाऊक असल्याने मुलाची अस्वस्थता कमी व्हावी आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षकावर विसंबून न राहता त्याने स्वतः काम करावे, हा यामागील हेतू आहे.

मर्यादा

या पद्धतीच्या परिणामांचे अनेक अभ्यास लहान गटांवर झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष जपून वापरावे लागतात. एकच मांडणी सर्व मुलांना लागू पडत नाही; प्रत्येक मुलाची आवड, बलस्थाने व अडचणी आधी जाणून घ्याव्या लागतात. मांडणी अतिशय ताठर ठेवल्यास मूल तिच्याबाहेर वावरण्यास शिकत नाही, म्हणून तीत हळूहळू लवचिकता आणणे आवश्यक ठरते.

भारतातील कायदेशीर संदर्भ

भारतातील १९९५च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमाच्या यादीत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची दखल घेतली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, अशी तरतूद या अधिनियमात आहे. दृश्य वेळापत्रक किंवा शांत कोपरा यांसारख्या अल्पखर्चिक सोयी सर्वसाधारण शाळेच्या वर्गातही करता येतात.