खेडची लढाई

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर भीमेच्या कांठीं खेड हें गांव लागतें. आज त्यास राजगुरुनगर म्हणतात. १७०७ च्या ऑक्टोबर महिन्यांत येथें मराठ्यांचींच दोन सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं. लढाई म्हणून पाहूं गेल्यास ती कांहीं मोठी नव्हे. पानिपताशेजारीं तिचें नांव कोणी घेणार नाहीं. परंतु छत्रपतींच्या घराण्यांतील यादवीचा पहिला महत्त्वाचा निकाल येथें लागला, आणि माझ्या मतें तो तलवार उपसण्यापूर्वींच लागला होता.

त्या वर्षाच्या आरंभीं नगरजवळ औरंगजेब मरण पावला. त्याचा पुत्र आझमशहा तख्तासाठीं उत्तरेकडे निघाला व वाटेंत, मे महिन्यांत, त्यानें संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू यांस मोकळें केलें. सातव्या वर्षीं कैदेंत पडलेला मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन बाहेर आला. आई येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोंगलांकडेच राहिल्या. ही सुटका औदार्याची नव्हती. इकडे ताराबाई आपल्या मुलाच्या नांवें राज्य चालवीत होत्या. एका गादीला दोन धनी झाले म्हणजे मराठे आपसांतच झुंजत बसतील, हा त्यांतला हिशेब.

ताराबाईंना आपण फार लवकर दोषी ठरवितों. संभाजीमहाराजांचें राज्य बुडालें, हें राज्य राजारामांनीं नव्यानें मिळविलें, असें त्यांचें म्हणणें. औरंगजेबाशीं सात वर्षें टक्कर दिलेल्या बाईस तें म्हणण्याचा अधिकार खास होता. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र लंगडा ठरला: आलेला शाहू तोतया आहे! परसोजी भोसल्यांनीं शाहूंबरोबर एका ताटांत जेवून त्याचें उत्तर दिलें, असें सांगतात. त्या काळीं याहून मोठा दाखला कोणता?

ताराबाईंनीं सेनापति धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधि यांस शाहूंवर धाडलें. निघण्यापूर्वीं सरदारांकडून दूधभातावर शपथा घेवविल्या, अशी कथा आहे. पण धनाजींच्या मनांतला प्रश्न शपथेनें मिटणारा नव्हता. हा खरोखरच थोरल्या महाराजांचा नातू असेल, तर त्याच्यावर शस्त्र कसें उचलावें? धनाजींच्या पदरीं बाळाजी विश्वनाथ नांवाचा एक कारभारी होता. त्यानें मध्यें पडून सेनापतींचें मन वळविलें. लढाईच्या दिवशीं धनाजी शाहूंना मिळाले. प्रतिनिधि एकटे पडले व साताऱ्याकडे निघून गेले.

आतां या घटनेचें मोल पाहा. शाहूंपाशीं हक्क होता, फौज बेताचीच होती. खेडला त्यांस राज्याचा सेनापतीच लाभला. खेड व सातारा यांच्यामध्यें त्यांस अडवील असें मोठें सैन्य उरलें नाहीं. सातारचा किल्लेदार शेख मिरा. त्याचीं बायकामुलें वाईस होतीं. तीं शाहूंनीं धरलीं, आणि किल्ला हातीं आला. (हा प्रकार फारसा शोभादायक नव्हे, हें कबूल केलें पाहिजे.) १२ जानेवारी १७०८ रोजीं तेथें शाहूंचा राज्याभिषेक झाला.

यादवी मात्र संपली नाहीं. ताराबाईंनीं पन्हाळ्याचा आश्रय केला, आणि सातारा व कोल्हापूर यांची हद्द ठरावयास १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला. खेडच्या त्या कारभाऱ्यास शाहूंनीं १७१३ सालीं पेशवाई दिली. येसूबाई दक्षिणेंत परतल्या त्या १७१९ त. दिल्लीहून त्यांस सोडवून आणणारा तोच बाळाजी विश्वनाथ होता.