खर्जाचा शोध : पखवाजापासून सबवूफरपर्यंत

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यातून जाते, तेव्हा सदाशिवनगर आणि खुडूस येथे गोल रिंगण होते. टाळांच्या गजरातही पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमारा वेगळा कळतो. कानांना आणि छातीलाही. या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात. तिच्यामुळे कातड्याचे वस्तुमान वाढते, कंपने संथ होतात आणि स्वर खाली उतरतो. खर्ज मिळवण्याचा हा आपल्याकडचा जुना उपाय.

हाच खर्ज यंत्रातून ऐकवणे मात्र फार अवघड ठरले. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ बनवला. भारतात 1902 मध्ये कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले. त्या काळी गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि आवाजाच्या स्वतःच्या ऊर्जेनेच सुई हले. साधारण 200 हर्ट्झच्या खालचे स्वर त्या कर्ण्यातून फारसे उतरतच नसत.

1925 मध्ये दोन गोष्टी घडल्या. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या आणि राइस व केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी फिरत्या वेटोळ्याच्या लाऊडस्पीकरवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारून टाकतात.

हे वर्गात करून पाहता येईल. जुन्या ट्रान्झिस्टरमधला सुटा स्पीकर वाजवा. मग मोठ्या पुठ्ठ्याला शंकूएवढे भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट धरा. आवाज एकदम भरीव होईल.

पण अडचण इथे संपत नाही. तेवढ्याच जोराचा आवाज हवा आणि वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. छोट्या स्पीकरला ते झेपत नाही. म्हणून खालच्या स्वरांसाठी वेगळा, मोठ्या शंकूचा सबवूफर आला. 1974 च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी काही थिएटरांत असे प्रचंड स्पीकर बसवले होते, ते भूकंपाचा हादरा जाणवून देण्यासाठी.

स्टीरिओला स्पीकर दोन लागतात, मग सबवूफर एकच कसा पुरतो? 40 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. आपल्या दोन कानांतले अंतर आहे वीतभर. एवढ्या लांब लहरीत दोन्ही कानांना जवळजवळ सारखेच ऐकू येते, त्यामुळे दिशा उमगत नाही. म्हणून सहसा 80 हर्ट्झच्या आसपास गाळणी लावून त्याखालचे स्वर सबवूफरकडे सोपवतात. त्याचा आवाज इतकाच ठेवावा की तो आहे हे वेगळे कळू नये, बंद केल्यावर मात्र उणीव भासावी.

सबवूफर ध्वनिमुद्रणात असलेलेच ऐकवू शकतो, हे विसरून चालणार नाही. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या 1925 पूर्वीच्या तबकड्या ऐकून ‘त्या काळी डग्गा पुसटच वाजवत’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो वादकावर अन्याय होईल. तो पुसटपणा कर्ण्याचा आहे. कोणताही जुना पुरावा वाचताना, तो टिपणाऱ्या यंत्राला काय ऐकू येत नव्हते, हेही आपण विचारले पाहिजे.