ओळीतून रकान्यापर्यंत : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

डेटाबेस संथ चालला की पहिला संशय डिस्कवर जातो. पण सगळे टेबल मेमरीत मावत असले, तरी लाखो ओळींची साधी बेरीज रेंगाळू शकते. प्रोसेसरचा वेळ कुठे गेला हे तपासले, तर पुष्कळदा एक क्षुल्लक वाटणारे काम समोर येते : ओळीतला हवा तो रकाना शोधून काढणे. मुंबईत मालाडच्या माइंडस्पेस या आयटी पार्कपासून पवईपर्यंत रोज एसक्यूएल लिहिणारे पुष्कळ आहेत, ओळीच्या आत डोकावणारे थोडे. जे अजून डोकावले नाहीत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

माहिती कुठे आणि कशी ठेवली आहे, याची काळजी ती मागणाऱ्याने करू नये, हा विचार संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. काळजी त्यामुळे नाहीशी झाली नाही. ती यंत्रणेकडे गेली.

पोस्टग्रेस या डेटाबेसचेच उदाहरण घेऊ. त्याचे पान, म्हणजे ओळी साठवण्याचा ठोकळा, सहसा ८ किलोबाइटचे. पानातल्या प्रत्येक ओळीला २३ बाइटचे शीर्ष असते, आणि त्यामागे रकाने एकापुढे एक मांडलेले. समजा, उपनगरांतल्या वीजग्राहकांचे टेबल आहे : ग्राहक क्रमांक, नाव, उपनगर, थकबाकी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून ‘मालाड’ला १५ बाइट लागतात, ‘कांदिवली’ला २४. नावांची लांबी तर प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे थकबाकी कुठून सुरू होते, हे एका ओळीवरून दुसरीला सांगता येत नाही. दर ओळीत नावाची लांबी वाचा, पुढे सरका, उपनगराची वाचा, पुन्हा सरका. थकबाकीच्या बेरजेला नाव नको असते, तरी वाट नावावरूनच जाते.

आता ८ बाइटचा ग्राहक क्रमांक आणि ८ बाइटची थकबाकी आधी ठेवा, नाव आणि उपनगर नंतर. दोन्ही आकडी रकाने ‘नॉट नल’, म्हणजे कधीच रिकामे न राहणारे, असले, तर प्रत्येक ओळीत थकबाकी शीर्षानंतरच्या मजकुराच्या सुरुवातीपासून ८ बाइटवरच सापडते. हे अंतर एकदा काढून जपून ठेवले की काम भागते. आधीचा एखादा रकाना नल, म्हणजे रिकामा, निघाला, तर तो जागाच घेत नाही आणि जपलेले अंतर त्या ओळीपुरते निरुपयोगी ठरते.

याहून वेगळी मांडणीही आहे. पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत, त्या ‘डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स’मध्ये ती सापडते : बदलत्या लांबीच्या प्रत्येक रकान्याचे ठिकाण आणि लांबी ओळीच्या आरंभीच नोंदवायची. मग कुठल्याही रकान्यावर थेट जाता येते. किंमत म्हणून प्रत्येक ओळ थोडी फुगते. जागा वाचवायची की वाट, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे.

गेल्या काही वर्षांतल्या सुधारणा याच दृष्टीने पाहाव्यात. २०१८च्या पोस्टग्रेस ११ ने एलएलव्हीएम या कंपायलर-साधनाच्या मदतीने त्या त्या टेबलापुरता यंत्रसंकेत ऐनवेळी तयार करण्याची सोय आणली. रकान्याचा प्रकार कोणता, नल चालतो का, हे प्रश्न मग ओळीगणिक विचारावे लागत नाहीत. मात्र तो संकेत घडवायलाही वेळ जातो, म्हणून छोट्या क्वेरीला हा सौदा परवडत नाही. २०२५च्या पोस्टग्रेस १८ मध्ये रकान्यांची वर्णनेच आटोपशीर करण्यात आली. ओळ उलगडताना प्रोसेसरच्या कॅशमध्ये त्यामुळे कमी माहिती ओढावी लागते. स्तंभानुसार साठवण करणाऱ्या डेटाबेसांनी तर ओळच मोडली : एका रकान्याची सगळी मूल्ये शेजारी ठेवली. पण पूर्ण ओळ हवी असली, की ती पुन्हा जुळवावी लागते.

उपाय निरनिराळे दिसले तरी सूत्र एकच आहे : जे टेबलाला एकदा विचारून कळते, ते प्रत्येक ओळीला विचारू नये. टेबल आखताना दिलेले ‘नॉट नल’सारखे बंधन म्हणूनच केवळ शिस्तीचे नसते, यंत्रणेला ती आगाऊ मिळालेली खात्री असते.

नव्या वाचकाला फारशी पूर्वतयारी लागत नाही. बाइट म्हणजे काय हे ठाऊक असावे आणि मोजून पाहण्याची सवय असावी. पोस्टग्रेसचा सोर्स कोड खुला आहे. ‘पेजइन्स्पेक्ट’ हे एक्स्टेन्शन वापरून पानातले बाइट डोळ्यांनी पाहता येतात. वरचे टेबल दोन्ही क्रमांनी तयार करावे, त्यात काही लाख ओळी भराव्यात आणि थकबाकीची बेरीज दोन्हींवर चालवावी. वेळेत फरक पडला तर का, आणि नाही पडला तर का, याचे उत्तर शोधताना या विषयाची बहुतेक प्रकरणे आपोआप उघडतील.

मालाड, मुंबई