बुसानचा गोलंदाज

दक्षिण कोरियांत बेसबॉलच्या गोष्टी निघाल्या कीं १९८४ सालचा उल्लेख झाल्यावांचून राहत नाहीं. त्या वर्षीं छ्वे दोंग-वॉन या बुसानच्या गोलंदाजानें अजिंक्यपदाच्या सात सामन्यांपैकीं पांचांत चेंडू टाकला व चार जिंकून दिले. हा पराक्रम खराच. पण त्याच्या तेजानें या मनुष्याच्या चरित्राचा दुसरा, आणि माझ्या मतें अधिक मोलाचा, भाग झांकला गेला आहे.

प्रथम काळ ध्यानांत घेतला पाहिजे. १९८० सालीं ग्वांगजू शहरांतील उठाव लष्करानें रक्तांत बुडविला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९८२ च्या मार्चमध्यें, धंदेवाईक बेसबॉल सुरू झाला, आणि पहिला चेंडू टाकला तो राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यांनीं! लोकांचें लक्ष राजकारणावरून उडावें म्हणून हा खेळ मांडला असें तेव्हांपासून बोललें जातें, व तें निराधार म्हणवत नाहीं. संघ सहा, आणि सहाही बड्या व्यवसायसंस्थांच्या मालकीचे. खेळाडू हा अर्थातच त्यांचा नोकर.

छ्वेचा जन्म १९५८ चा. १९८१ सालीं कॅनडांतील टोरांटोच्या संघाशीं त्याचा करार झाला होता, परंतु सक्तीच्या लष्करी सेवेची अडचण आडवी आली व १९८३ सालीं तो आपल्याच गांवच्या लोट्टे जायंट्स संघांत दाखल झाला.

बेसबॉलमध्यें षट्क संपतांच दुसऱ्यानें चेंडू घ्यावा, अशी क्रिकेटसारखी सोय नाहीं. एकच गोलंदाज शें-सव्वाशें चेंडू सर्व शक्तीनें फेकतो, आणि म्हणून पुढें कांहीं दिवस त्याच्या हाताला विसांवा देतात. १९८४ च्या हंगामांत छ्वेनें २७ विजय मिळविले व २२३ फलंदाज चेंडू हुकवून बाद केले. हा दुसरा उच्चांक मोडावयास २०२१ साल उजाडावें लागलें. इतकें राबल्यावर सॅमसंग लायन्सशीं अंतिम झुंज आली. लोट्टे हा सोपा प्रतिस्पर्धी, म्हणून सॅमसंगनें हंगामाच्या शेवटीं त्याच्याशीं जाणूनबुजून हार पत्करली, असा बोभाटा झाला होता. तें गणित चुकलें. दहा दिवसांत छ्वेनें चाळीस डाव गोलंदाजी केली. पांचवा सामना गमावला, सहाव्यांत मध्येंच उतरून तो जिंकला, आणि सातव्यांत पुन्हां आरंभापासून उभा राहिला. संघ ३-४ असा मागें असतां आठव्या डावांत यू दू-यॉल यानें चेंडू मैदानापार टोलवून तीन धावा काढल्या व ६-४ असा विजय मिळाला. मालिकेचें सर्वोच्च पारितोषिकही यूलाच मिळालें. ही एक गंमतच म्हणावयाची!

एका हातावर एवढा भार टाकणाऱ्या संघचालकांचें कौतुक मला करवत नाहीं. १९८७ च्या मे महिन्यांत सन दोंग-यॉलशीं झालेल्या सामन्यांत पंधरा डाव होऊन २-२ अशी बरोबरी झाली; छ्वेनें २०९ चेंडू टाकले, सननें २३२. लोक याला महाकाव्य म्हणतात.

आतां तो दुसरा भाग. १९८८ सालीं छ्वेनें खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. त्याला स्वतःला पैशाची ददात नव्हती. तो देशांतील सर्वाधिक वेतन घेणाऱ्यांपैकीं होता. परंतु तुटपुंज्या पगारावर खेळणारे, दुखापत होतांच रस्त्यावर येणारे सहकारी त्याच्या डोळ्यांसमोर होते. मालकांनीं संघटना मोडून काढली, आणि वर्षअखेर छ्वेची रवानगी झाली ती सॅमसंगकडे, ज्यांना त्यानें चार वर्षांपूर्वीं हरविलें होतें त्यांच्याकडे! तेथें पूर्वीची धार राहिली नाहीं. १९९० चा हंगाम त्याचा अखेरचा ठरला. पुढच्याच वर्षीं तो बुसानमध्यें स्थानिक निवडणुकीस उभा राहिला, तोही सत्ताधारी पक्षाच्या विरुद्ध, आणि पडला.

खेळाडूंची संघटना अखेर २००० सालीं स्थापन झाली. छ्वे २०११ च्या सप्टेंबरांत कर्करोगानें वारला. वय अवघें त्रेपन्न. हयातींत लोट्टेनें त्याला शिक्षक म्हणूनही परत बोलाविलें नाहीं. मृत्यूनंतर मात्र त्याच महिन्यांत त्याचा ११ हा क्रमांक कायमचा राखून ठेवण्यांत आला, आणि २०१३ सालीं सजिक मैदानाबाहेर चेंडू फेकण्याच्या पवित्र्यांतील त्याचा पुतळा उभा राहिला.