ऑप्टिकल डिस्क: सुईऐवजी लेझर
ग्रामोफोनची तबकडी वाजवताना सुईने झिजते. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने सुईऐवजी लेझर वापरला आणि १९७२ मध्ये चित्रपट दाखवणारी तबकडी पत्रकारांसमोर आणली. सपाट भागावरून प्रकाश नीट परततो. सूक्ष्म खड्ड्यापाशी परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, प्रकाश क्षीण होतो. १९७८ मध्ये ती अमेरिकेत विक्रीस आली. चित्र मात्र अॅनालॉगच होते आणि यंत्रात हेलियम-निऑन वायूची लेझर नळी असे. डिजिटल माहिती आणि चिमुकला सेमीकंडक्टर लेझर १९८२ च्या सीडीत एकत्र आले. पुढे सीडी-रॉमवर संगणकाची सुमारे ६५० एमबी माहिती मावू लागली. खड्डा म्हणजे शून्य आणि सपाट म्हणजे एक, असे सर्रास सांगतात. ते चूक आहे: खड्ड्याची कड म्हणजे एक, बाकी सारे शून्य.