लठ्ठपणा फक्त श्रीमंतांचा आजार आहे का? यवतमाळच्या ताटातून समजून घेऊया

‘खात्यापित्या घरचा दिसतोस!’

सुटलेलं पोट बघून आपल्याकडे हे वाक्य कौतुकानं म्हटलं जातं. त्यामागे एक समज आहे: ज्याच्या घरी पैसा, त्याच्याच अंगावर चरबी. यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यातल्या जिल्ह्यात तर लठ्ठपणाचा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. इथे प्रश्न कुपोषणाचा आहे, कर्जाचा आहे, शेतकरी आत्महत्यांचा आहे. लठ्ठपणा मुंबई-पुण्याकडचा!

पण आकडे वेगळंच सांगतात. वजन ठरतं ते फक्त जिभेवरच्या ताब्यानं नाही. खिशात किती पैसे आहेत, दुकानात काय मिळतं आणि दिवस कसा जातो, यावरही ते ठरतं. कसं, ते पाहूया.

लठ्ठपणा मोजतात कसा?

सगळ्यात सोपं माप म्हणजे बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो असेल, तर बीएमआय साधारण २५.८ येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा. आशियाई लोकांमध्ये मात्र २३ पासूनच धोका वाढू लागतो, कारण आपल्या शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असते, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून कंबर मोजणंही तितकंच महत्त्वाचं. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही दक्षिण आशियाई लोकांसाठीची धोक्याची रेषा मानतात.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्यानुसार देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त आहे.

आता शहर आणि खेडं वेगळं करून बघा. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३१.३ टक्के होतं, ते ३३.२ झालं. ग्रामीण स्त्रियांमध्ये ते १५ टक्के होतं, ते १९.७ झालं. म्हणजे शहर अजून पुढे आहे, पण वाढीचा वेग खेड्यात जास्त आहे.

महाराष्ट्राचं चित्र आणखी बोलकं आहे. इथल्या २३ टक्क्यांहून जास्त स्त्रियांचं वजन जादा आहे आणि जवळपास २१ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक आहेत. एकाच राज्यात, कधी एकाच गावात, कधी तर एकाच घरात दोन्ही टोकं सापडतात.

गरिबाचं वजन कमी आणि श्रीमंताचं जास्त, असं का?

आपल्या देशात सधन घरांत जादा वजन अजूनही जास्त आढळतं. अमेरिकेत, विशेषतः स्त्रियांमध्ये, चित्र बऱ्याच अंशी उलटं आहे.

याचं कारण टप्प्याटप्प्यानं समजतं. अगदी हातावर पोट असतं तेव्हा अन्न कमी आणि अंगमेहनत जास्त. निंदण, खुरपण, कापूस वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगावर चरबी साठायला वावच नसतो. हातात थोडा पैसा आला की सगळ्यात आधी तेल, साखर, तळलेले पदार्थ वाढतात, मोटारसायकल येते आणि मेहनत घटते. बराच पैसा आला की फळं, सुकामेवा, जिम आणि वेळेवर तपासणी परवडते. तोवर वजनाचं ओझं खालच्या पायरीवर सरकलेलं असतं.

ब्राझीलमध्ये हे घडलेलं दिसतं. १९९० च्या दशकात तिथल्या शहरांतल्या सधन स्त्रियांमध्ये लठ्ठपणा कमी होऊ लागला आणि गरीब स्त्रियांमध्ये वाढत राहिला. आपण त्याच वाटेवर आहोत का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

कॅलरीचा भाव काढून बघा

किलोभर साखरेत साधारण ४,००० कॅलरी असतात. लिटरभर तेलात ८,००० हून जास्त. किलोभर टोमॅटोत किंवा पालकात मात्र २०० ते २५० च्या आसपास. आता तुमच्या गावातला भाव टाका आणि १०० कॅलरी कितीला पडतात ते काढा. भाजी साखर-तेलापेक्षा कितीतरी पट महाग निघेल.

भाजी कॅलरीसाठी खायची नसते, जीवनसत्त्वं आणि तंतूंसाठी खायची असते, हे खरं. पण दोनशे रुपयांत पाच जणांचं पोट भरायचं असेल, तर आई आधी पोट भरण्याचाच विचार करणार. पाच रुपयांचा बिस्किटपुडा लेकराला तासभर शांत ठेवतो. पाच रुपयांची पालेभाजी एकाच्याही ताटाला पुरत नाही.

रेशनमधून काय मिळतं?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्यानं भूक नक्कीच टळली. पण मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, अंडी, भाजी विकतच घ्यावी लागते.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ दिला. १०० रुपयांत एक-एक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल. सणाला मोठा आधार झाला. तरी चारांपैकी तीन वस्तू रवा, साखर आणि तेल होत्या, हेही लक्षात घ्या.

यवतमाळसह १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ मध्ये त्याऐवजी थेट खात्यात पैसे द्यायचं ठरलं, सुरुवातीला माणशी महिन्याला १५० रुपये. म्हणजे दिवसाला पाच रुपये. बिस्किटपुड्याचा भावही तोच.

पण इथे तर शेती आहे ना?

आहे, पण यवतमाळच्या शेतात मुख्यतः कापूस आणि सोयाबीन पिकतं. कापूस खाता येत नाही. सोयाबीनचं तेल निघतं आणि उरलेली पेंड बहुतेक कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. तूर पिकते, पण उधारी फेडायला पोतंच्या पोतं बाजारात जातं आणि घरी पुढे विकतची डाळ येते.

एकेकाळी इथल्या ताटात ज्वारीची भाकरी होती. सोयाबीन वाढलं तशी ज्वारी मागे पडली. आता ज्वारीचा हमीभावही गव्हापेक्षा वरचा आहे. २०२४-२५ मध्ये हायब्रीड ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये, तर त्यानंतरच्या हंगामात गव्हाला २,४२५ रुपये. गरिबाची म्हणून ओळखली जाणारी भाकरी आता पोळीपेक्षा महाग पडू लागली आहे. तरोटा, घोळ, अंबाडी यांसारख्या बांधावरच्या भाज्या फुकट मिळायच्या. तणनाशक मारलं की तणाबरोबर त्याही जातात.

एकच जिल्हा, तीन घरं

समजा, झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावरचं एक घर आहे. भाजी आठवडी बाजाराच्या दिवशीच मिळते आणि फ्रिज नाही. दोन दिवसांनी ताटात भात आणि पातळ वरण उरतं. पाच रुपयांचे कुरकुरे मात्र काही महिने टिकतात, म्हणून ते पोडावरच्या दुकानातही लटकलेले असतात.

दुसरं घर पुसदमधलं. नवरा रिक्षा चालवतो, बायको शिवणकाम करते. दोघांचंही काम बसून. दिवसभरात चार कप चहा, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे रोज सुमारे ४० ग्रॅम. मधल्या भुकेला आलूबोंडा किंवा कचोरी. भरपेट आणि स्वस्त. वजन सगळ्यात सहज वाढतं ते अशा घरात, आणि साखर तपासायला वेळ सगळ्यात कमी मिळतो तोही इथेच.

तिसरं घर यवतमाळ शहरातल्या नोकरदाराचं. फळं, दूध, भाजी सगळं परवडतं. पण काम खुर्चीत, दारात गाडी, बाहेर उन्हाळ्यात ४४-४५ अंशांचं ऊन आणि संध्याकाळी चालायला सलग फूटपाथ नाही. हॉटेलचं जेवण फोनवर मागवता येतं.

तिघांनाही ‘कमी खा, जास्त चाला’ हा एकच सल्ला देऊन कसं चालेल?

बारीक माणसाला धोका नसतो का?

असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी होते, पण त्या मानानं चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं शरीर. अशा मुलाला पुढे आयुष्यात तेल-साखर मुबलक मिळाली की मधुमेहाचा धोका वाढतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळं तुलनेनं मोठी होती. म्हणजे आज आईच्या ताटातून हुकलेली भाजी वीस-तीस वर्षांनी मुलाच्या रक्तातली साखर म्हणून समोर येऊ शकते.

मग काय करता येईल?

घरात:
- वर्षातून दोनदा टेपनं कंबर मोजा. पैसे लागत नाहीत.
- तेलाचा हिशेब ठेवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना आहारात माणशी रोज साधारण २७ ग्रॅम तेल आहे. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर पुरेसं.
- चहातली साखर निम्मी करा. खर्च वाढत नाही, कमी होतो.
- तूर विकताना वर्षभराची डाळ घरी ठेवा. परसात अंबाडी, शेवगा लावा.

सरकारकडे मागण्यासारखं:
- अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच. रेशनमध्ये नियमित ज्वारी आणि डाळ मिळावी.
- शाळेत आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबला. तो पुन्हा सुरू व्हावा.
- करातून योग्य संदेश जावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी लागतो, पण बिस्किटं आणि नमकीनवर फक्त ५ टक्के.

पुढच्या वेळी कुणाचं पोट बघून ‘खात्यापित्या घरचा’ म्हणायचा मोह झाला, तर त्या घरात काय शिजतं यापेक्षा जवळच्या दुकानात काय मिळतं आणि कितीला मिळतं, ते आधी बघा.