तळेगावच्या पैसा फंडापासून सीएसआरपर्यंत: गावातल्या छोट्या संस्थांना निधी मिळतो तरी कसा?

मावळ तालुक्यातलं तळेगाव दाभाडे आज ओळखलं जातं ते एमआयडीसीसाठी. पण इथला एक जुना, गाजलेला कारखाना कुणा शेठजीच्या भांडवलावर उभा राहिला नव्हता. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून तो उभा राहिला. त्याचं नाव पैसा फंड काच कारखाना.

आज त्याच तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर रोजगाराचं काम करायचं असेल, तर एखाद्या छोट्या संस्थेला पैसा कुठून मिळू शकतो? त्यासाठी कोणत्या अटी असतात? आणि पैसा असूनही काम का अडतं?

पैसा फंड काय होता?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे या तरुणाने एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे करायचे. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होते. काळे गावोगाव फिरले. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची तांत्रिक धुरा होती.

हा कारखाना म्हणजे एक शाळाही होती. इथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. पहिल्या महायुद्धात परदेशी काचेची आवक आटली, तेव्हा अशा हातांची गरज आणखी वाढली.

पैसा फंड म्हणजे आजच्या अर्थाने एनजीओ नव्हता आणि त्याचा रोख फक्त गरिबांवर नव्हता. पण त्याच्या निधीत एक गोष्ट वेगळी होती. एक पैसा देणारा माणूस वर्षअखेरीला ‘किती लाभार्थी झाले?’ असं विचारत नव्हता. माणसं शिकवून तयार करायला वेळ लागतो आणि तो वेळ या पैशात मिळत होता.

आज पैसा कुठून येतो?

*कंपन्यांचा सीएसआर:* कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो.

*परदेशी देणगी:* यासाठी एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्याआधी शहरातली मोठी संस्था गावातल्या छोट्या संस्थेपर्यंत हा पैसा पोहोचवू शकत होती. तो मार्ग बंद झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

*सरकार आणि बचत गट:* महाराष्ट्रात २०११ पासून ‘उमेद’ अभियान महिला बचत गटांना फिरता निधी आणि बँकेचं कर्ज मिळवून देतं. इथे पैसा संस्थेकडे न येता थेट गटाकडे जातो.

*वैयक्तिक देणगी:* रक्कम लहान असते, पण अटी सगळ्यात कमी. पैसा फंडाच्या सर्वांत जवळचा मार्ग हाच.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण कागदपत्रांची. सीएसआरचा निधी घ्यायचा तर संस्थेकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, १२ए आणि ८०जी ही आयकराची प्रमाणपत्रं, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालेली सीएसआर-१ नोंदणी लागते. वाडीवर चार कार्यकर्त्यांच्या जोरावर चालणाऱ्या संस्थेला एवढ्यासाठी सीए गाठावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. सीएसआरचा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. अनेक वर्षांचा प्रकल्प घेता येतो, पण सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मावळातली भातलावणी किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं स्थलांतर मार्चअखेर बघून होत नाही. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असलेल्या कातकरी समाजात अनेकांकडे जातीचा दाखलाही नसतो. रोजगाराचं काम आधी तिथून सुरू होतं आणि अहवालात दाखवायला वर्षभर काहीच नसतं.

तिसरी अडचण पगाराची. शेळ्या किंवा शिलाई यंत्रं घ्यायला पैसे मिळतात, त्यांचे फोटोही निघतात. पण शेळ्यांना लस मिळाली का हे बघणाऱ्या, बाईसोबत बँकेत जाणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनासाठी पैसे मागितले की देणगीदार ‘हा प्रशासकीय खर्च’ म्हणून हात आखडता घेतात. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तिच्यात मोजला जात नाही.

संयमाने काय होतं?

उदाहरण शेजारच्या खेड तालुक्यातलं. राजगुरुनगरच्या डॉ. सुधा कोठारी आणि त्यांच्या ‘चैतन्य’ संस्थेने १९८९ पासून महिलांचे बचत गट बांधायला सुरुवात केली. नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला १९९२ मध्ये, म्हणजे त्यानंतर. पुढे या गटांचा स्वतःचा संघ झाला, ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ. बाहेरचा पैसा इथे लागला तो मुख्यतः माणसं जोडायला आणि शिकवायला. कर्जाचं भांडवल बायकांच्या बचतीतून आणि बँकेतून आलं.

देणगी देण्याआधी काय बघाल?

- संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का आणि हिशेब तपासलेले आहेत का?
- ८०जी प्रमाणपत्र चालू आहे का? असल्यास जुन्या करप्रणालीत साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेवर वजावट मिळते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.
- संस्थेचा कार्यकर्ता त्या वाडीवर महिन्यातून किती वेळा जातो?
- जमत असेल तर एकरकमी देण्याऐवजी दरमहा थोडी रक्कम द्या आणि ती मानधनासाठी वापरायला हरकत नाही, असं लिहून द्या. छोट्या संस्थेला बाहेरून मिळणं सगळ्यात अवघड असतं ते नेमकं हेच.